धावती यॉट पाण्याबाहेर का उचलली जाते?

प्रश्न : ‘लॅम्बोर्गिनी’ नावाच्या यॉटचा व्हिडिओ पाहिला. वेग घेतला की तिचा पुढचा तळ चक्क पाण्याबाहेर येतो. मांडव्याच्या स्पीडबोटीही थोड्याफार तशाच धावतात. अशी यॉट उलटत कशी नाही? आतली माणसं आदळत कशी नाहीत?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती ‘टेक्नोमार फॉर लॅम्बोर्गिनी ६३’ असणार. लांबी ६३ फूट, वजन सुमारे २४ टन, प्रत्येकी २००० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं आणि वेग ६० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. लॅम्बोर्गिनी ही मोटार कंपनी १९६३ची, म्हणून हा आकडा. चर्चा होते ती या यॉटच्या मोटारीसारख्या दिव्यांची आणि स्टिअरिंगची. माझ्या मते खरी करामत तिच्या तळात आहे.

बोट पाणी सारत जाते तेव्हा लाट उठते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी बोटीएवढी झाली की बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. ६३ फुटी बोटीचं हे दहा-अकरा नॉटलाच होतं. मालवाहू जहाजं या मर्यादेच्या आतच राहतात. स्पोर्ट्‌स यॉट मात्र भरपूर ताकद लावून तो चढ ओलांडते. चढताना नाळ, म्हणजे पुढचं टोक, सर्वांत उंच उठते. पुढे तळावर आपटणारं पाणीच यॉटला उचलून धरतं. चपटा दगड तिरका भिरकावला की पाण्यावरून टप्पे घेत जातो, तसंच. भिजणारा तळ कमी झाला की पाण्याचा विरोधही घटतो.

आदळण्याचा तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. सपाट तळ चटकन वर येतो, पण लाटेवर धाडकन आपटतो. त्यात पाठीचे मणके दुखावतात. त्यावर उपाय काढला रेमंड हंट या अमेरिकन आरेखकाने. पुढे धारदार असणारा तळ मागे जाताना सपाट करण्याची तेव्हा रीत होती. हंटने ‘व्ही’ अक्षरासारखा खोल उतार थेट मागच्या टोकापर्यंत नेला, चोवीसेक अंशांचा. तळाला लांबीने पट्ट्याही बसवल्या. त्या उडणारं पाणी खाली दाबतात आणि थोडी उचल देतात. १९६०च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात डिक बर्ट्रम या स्पर्धकाने याच घडणीची ‘मॉपी’ ही बोट उतरवली आणि शर्यत सहज जिंकली. आजच्या बहुतेक वेगवान यॉटींचा तळ त्याच वंशातला.

या तळाला ताकद मात्र जास्त लागते. म्हणून वजन कमी हवं, आणि म्हणून या यॉटमध्ये कार्बन फायबर वापरलं आहे. तिच्यातल्या सगळ्या महागड्या गोष्टींत मी पहिला मान त्यालाच देईन.

उलटत नाही, कारण इंजिनांसारखं जड सामान तळाशी असतं आणि वळताना ‘व्ही’ तळ आतल्या बाजूला कलतो. नाळ फार उठली तर मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे ट्रिम टॅब, खाली करून ती दाबता येते.

गंमत म्हणजे असा तळ वेगात स्थिर असतो, पण नांगर टाकला की डुलायला लागतो. त्यासाठी हल्ली अनेक यॉटींत जायरो बसवतात. त्यात हवा काढलेल्या गोळ्यात एक जड चाक मिनिटाला हजारो फेरे घेत असतं. लाटेने यॉट कलली की चाक पुढे-मागे झुकतं आणि त्यातून निर्माण होणारा जोर यॉटला उलट्या बाजूला रेटतो.