शेणखताची शेती आणि सरकारी पैसा

आपल्या शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या रोपाच्या जागेवर पसरायच्या आणि पेटवायच्या. तण मरते, रोप जोमदार येते. हे खरे आहे. पण शेणातले नत्र धुरावाटे उडून जाते. राख तेवढी उरते. मग नत्रासाठी आपण युरियाची गोणी आणतो.

आता सरकार म्हणते, युरिया सोडा, सेंद्रिय शेती करा, आम्ही मदत करतो. ही मदत केवढी, ते आपण नीट वाचू या.

योजनेचे नाव परंपरागत कृषी विकास योजना. ती 2015 साली सुरू झाली. शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी गट करायचा असतो. तेव्हा 50 एकरांचा एक गट धरला होता. योजना तीन वर्षांची असते. पुढे रकमा बदलल्या. आता हेक्टरी 31,500 रुपये धरले आहेत.

एका बैठकीत आम्ही बसलो होतो. हा आकडा ऐकून एका दादांनी बैल घ्यायचा बेत केला. शेजारी एक म्हातारी मावशी होती. ती म्हणाली, "अरे, आधी कागद तर वाच." कागद वाचला. 31,500 पैकी शेतकऱ्याच्या बँकखात्यात 15,000 येतात. बाकीचा पैसा शिकवणी, तपासणी, दाखला आणि माल विकण्याची सोय यांवर जातो. पंधरा हजारही तीन वर्षांत मिळून!

आपण हिशेब करू. 15,000 भागिले 3, म्हणजे वर्षाला 5,000. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे एकराला वर्षाला 2,000 रुपये. दादांचा बैल तिथेच राहिला.

मग घेऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. पण दुसराही हिशेब करावा. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते. चांगल्या शेणखताच्या एका टनात ते अवघे 5 किलो असते. एका गोणीच्या जागी चार टन शेणखत लागेल! बैलगाडीच्या आठ-दहा खेपा झाल्या. ज्याच्या गोठ्यात दोनच गुरे, त्याने काय करावे? त्याने बांधावर गिरिपुष्प लावावे. आवणीच्या आधी त्याचा कोवळा पाला चिखलात तुडवावा. आणि शेण राबात जाळायचे कमी करावे. तरीही पहिली एक-दोन वर्षे भात कमी येऊ शकते. ती तूट 2,000 रुपयांत भरून निघेलच असे नाही. म्हणून सगळे शेत एकदम बदलू नये. घरच्या खाण्यापुरते एखादे खाचर आधी करून पाहावे, असे आम्हांला वाटते.

दाखल्याची रीत मात्र आम्हांला आवडली. तिला पी.जी.एस. म्हणतात. निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. सभासदच एकमेकांचे शेत तपासतात. खत काय घातले, बी कुठले, हे वहीत लिहावे लागते. बदलाच्या काळात 'पी.जी.एस. ग्रीन' असा दाखला मिळतो. तो काळ पुरा झाला म्हणजे 'पी.जी.एस. ऑरगॅनिक' मिळतो. कल्याणच्या बाजारात नुसते "आमचा तांदूळ बिनखताचा" म्हटले तर कोण ऐकतो? दाखला दाखवता येतो. पण रात्री कुणी गुपचूप युरिया टाकला तर साऱ्या गटाचे नाव जाते. वरच्या खाचराचे पाणी आपल्या खाचरात उतरते, तेही ध्यानात ठेवावे. वरचा शेजारी गटात असला तर बरे.

आणखी एक. पैसा खात्यात येतो, म्हणून सातबारा कुणाच्या नावे आहे ते आधी पाहा. पुष्कळ घरी तो अजून वारलेल्या आजोबांच्या नावे असतो! तसे असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद करून घ्या. मग सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत जा. यंदा कोणत्या गावांत गट करणार, रक्कम काय, ते विचारा. यादीत आपले नाव, गट नंबर आणि क्षेत्र स्वतः वाचा. त्यानंतर सही करा.