सोडून देण्याची सवय

बाळा,

नव्या घरी जाताना भांडीकुंडी, साड्या, अंथरूण-पांघरूण सगळं तुला मिळालं. माझ्याकडून हे थोडे कानमंत्र. ख्रिस्ती घर चालवायला सगळ्यांत जास्त लागते ती क्षमा करायची सवय. सवय हा शब्द मी विचार करून वापरते आहे. मंडळीत इतकी वर्षं माणसं पाहिली. ज्यांनी रोजच्या बारीकसारीक गोष्टी सोडायची सवय लावून घेतली, त्यांना मोठ्या दुःखाच्या दिवशीही क्षमा करता आली. ज्यांनी क्षमा एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवली, त्यांच्या हाताला तो प्रसंग आल्यावर काहीच लागलं नाही.

प्रभूची प्रार्थना तू संडे स्कूलपासून म्हणतेस. मत्तयाचा सहावा अध्याय उघडून बघ. प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू त्यातल्या एकाच मागणीकडे पुन्हा वळतो. भाकरीकडे नाही, परीक्षेकडे नाही, क्षमेकडे. तुम्ही माणसांना क्षमा केली नाहीत तर स्वर्गातला पिताही तुम्हाला करणार नाही, असं तो उघड सांगतो. म्हणून हे जमलं तर करायचं, नाहीतर राहू द्यायचं, अशातलं काम नाही. आता ते कसं करायचं ते सांगते.

१. आधी आपलं देणं मोज

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला तुला पाठ आहे, पण त्यातला हिशेब कधी मांडला आहेस का? चाकरावर राजाचं कर्ज होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. कितीही पिढ्या राबल्या तरी न फिटणारं हे कर्ज राजाने सोडलं. बाहेर पडल्यावर त्याच चाकराने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी.

आता एक लक्षात घे. शंभर दिनार काही थोडके नव्हेत. तीन-सव्वातीन महिन्यांची मजुरी बुडाली तर गरिबाचं घर बसतं. तुला झालेलं दुःख खोटं आहे, असं प्रभू म्हणत नाही. तू स्वतः कशातून सुटली आहेस ते विसरू नको, एवढंच तो म्हणतो. म्हणून रात्री प्रार्थनेला बसलीस की आधी स्वतःची कबुली दे आणि मग दुसऱ्याची तक्रार सांग. हा क्रम पाळलास की तक्रार पुष्कळदा बोलायच्या आधीच हलकी होते.

२. लहान गोष्टी त्याच दिवशी सोड

सूर्य मावळायच्या आत राग मावळू द्यावा, असं पौलाने इफिसकरांना लिहिलं. ते संसारात पहिल्या दिवसापासून लागू कर. भाजीला नाव ठेवलं, सासूबाई पाहुण्यांसमोर काही बोलल्या, नणंदेने फोन केला नाही, नवरा तुझ्या माहेरच्यांची चौकशी करायला विसरला. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक असते. ती झोपायच्या आधी सोडली नाहीस तर दुसऱ्या दिवशी तिला सोबत मिळते, आणि महिन्याभराने भांडण कशावरून सुरू झालं हे दोघांनाही सांगता येत नाही.

रात्रीची प्रार्थना दोघांनी एकत्र करायची रीत मोडू नका. अबोला धरून मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. कुणाला तरी आधी तोंड उघडावं लागतं, आणि ते तू उघडलंस तर त्यात तुझं काही कमी होत नाही. पुढच्या वेळी तो उघडेल.

३. मन तयार होण्याची वाट बघू नको

"मनातून येत नाही, मग वरवरची क्षमा कशाला?" असं पुष्कळ जण विचारतात. त्यांना मी कोरी टेन बूमची गोष्ट सांगते. ती हॉलंडमधल्या हार्लेम गावची, घड्याळजीची मुलगी. दुसऱ्या महायुद्धात या कुटुंबाने ज्यू लोकांना घरात लपवलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये सगळ्यांना अटक झाली. म्हातारे वडील काही दिवसांतच कैदेत वारले. बहीण बेट्सी त्याच वर्षी डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. कोरी वाचली, आणि पुढे देवाच्या क्षमेविषयी साक्ष देत फिरू लागली.

१९४७ मध्ये जर्मनीत म्युनिक इथल्या चर्चमध्ये बोलून झाल्यावर एक माणूस हात पुढे करून तिच्यासमोर उभा राहिला. तो त्याच छावणीतला पहारेकरी होता. कोरीला हात उचलवेना. तिच्या मनात क्षमेचा लवलेश नव्हता. तिने मनातल्या मनात प्रभूला सांगितलं, की हात मी उचलते, भावना तू दे. तिने हात दिला, आणि हात हातात आल्यावर मन वितळलं. हे तिने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

हातापुरतं काम आपल्या ताब्यात असतं. जिच्यावर रुसली आहेस तिला उपासनेनंतर चर्चच्या दारात सलाम कर. नाताळात करंज्या-चकल्यांचं ताट तिच्याकडे आधी पाठव. ती आजारी पडली तर डबा घेऊन जा. हे ढोंग ठरत नाही. ही आज्ञा पाळणं आहे, आणि मन हळूहळू मागून येतं.

४. पुन्हा आठवलं तर पुन्हा सोड

पेत्राने विचारलं, भावाला सात वेळा क्षमा करू का? त्याला वाटलं, आपण फार मोठं मन दाखवलं. प्रभू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. आपण समजतो की हे सत्तर वेळा चुकणाऱ्या माणसाबद्दल आहे. तसं ते आहेच. पण एकच घाव मनात सत्तर वेळा वर येतो, त्यालाही हेच औषध. सोमवारी सोडलेली गोष्ट गुरुवारी स्वयंपाक करताना पुन्हा डोक्यात घुमायला लागली, तर आपली क्षमा खोटी होती असं मानून खचू नको. तिथेच, कढईतलं परतता परतता, पुन्हा म्हण: प्रभू, हे मी सोडलं आहे.

एक पथ्य मात्र पाळ. वाण्याच्या वहीत खोडलेली उधारी पुन्हा वाचून दाखवायची नसते. एकदा सोडलेली गोष्ट नव्या भांडणात बाहेर काढू नको. "तेव्हासुद्धा तू असंच केलं होतंस" हे वाक्य आपल्या घरात बोलायचं नाही, असं दोघांनी ठरवून टाका.

५. आधी एकटीने जा

भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, आणि मग मंडळीला सांग. हा क्रम प्रभूने घालून दिलेला आहे आणि आपण तो सर्रास उलटा चालवतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि शेवटी ज्याचं त्याला. भगिनी मंडळात "तिच्यासाठी प्रार्थना करा, जास्त काही सांगत नाही" एवढं म्हटलं तरी सगळं सांगून झालेलं असतं. प्रार्थनेचा विषय म्हणून कुणाचं उणं बाहेर काढू नको.

जायचं तर भरल्या पोटी, रागाच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या आणि पाहुण्यांच्या माघारी जा. मोबाइलवर लांबलचक मेसेज लिहू नको. लिहिलेल्यात आवाजातला मऊपणा उतरत नाही, आणि तो मेसेज चार ठिकाणी फिरतो. "तू नेहमीच असं करतेस" असं न म्हणता जे घडलं तेवढंच सांग: "परवा तू असं बोललीस, मला लागलं." मग गप्प बस आणि तिचं ऐक. अर्ध्या वेळा तिचीही काही बाजू निघते.

६. माफी मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नको

कुणी माफी मागायला आलं की आपण संकोचाने म्हणतो, "छे, काही झालंच नाही." तो किती बळ गोळा करून आलेला असतो! त्याला स्पष्ट सांग: "मला वाईट वाटलं होतं, पण मी माफ केलं." मग चहा टाक आणि दुसऱ्या विषयावर बोल. त्याच्याकडून आणखी कबुल्या काढत बसू नको.

ज्याने मागितलीच नाही त्याच्या दारात जाऊन "मी तुला क्षमा केली" असं मात्र सांगू नको. त्यात समोरच्याला खाली बसवण्याचा भाव येतो. ती क्षमा देवापुढे कर आणि माणसापुढे ती वागण्यातून दिसू दे.

७. क्षमा कर, पण अन्यायावर पांघरूण घालू नको

हे नीट ऐक, कारण बायकांना इथे फार वेळा चुकीचं शिकवलं जातं. मार खात राहणं म्हणजे क्षमा नव्हे. अंगावर हात पडला, लेकराला धोका वाटला, तर आधी घराबाहेर पड. ११२ ला फोन कर, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि आम्ही आहोत. मनातला सूड सोडणं ही क्षमा. गुन्हा लपवणं हे गुन्ह्याला हातभार लावणं.

ग्लॅडिस स्टेन्सबाईंकडे बघ. त्यांचे पती ग्रॅहॅम स्टेन्स ओडिशात बारिपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा करत. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी त्यांना आणि फिलिप व तिमथी या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांना गाडीत झोपेत असताना जमावाने जाळून मारलं. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, हेही त्यांनी सांगितलं. कायद्याने आपलं काम केलं, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. आणि बाई पुढची काही वर्षं तिथेच राहून त्याच रुग्णांची सेवा करत राहिल्या.

विश्वासाचंही तसंच. क्षमा आज करता येते, विश्वास वेळ घेतो. योसेफाने भावांवरचा सूड सोडला होता, तरी ओळख देण्याआधी त्याने त्यांना पारखलं. शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवायला लावला, आणि धाकट्या भावाला टाकून हे पुन्हा निघून जातात का ते पाहिलं. यहूदा त्याच्या बदली स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच योसेफ भावांसमोर रडला आणि त्याने ओळख दिली. पैसे बुडवणाऱ्याला क्षमा कर, पण पुन्हा जामीन राहण्याआधी त्याची वागणूक बदललेली दिसू दे.

८. आठवण राहू दे, विखार जाऊ दे

"विसरून जा" असा सल्ला कुणाला देऊ नको. माणूस विसरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाच. सासऱ्यांचा जाच, पती टिळकांचा तापटपणा आणि धरसोड, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर वाट्याला आलेली वर्षानुवर्षांची ताटातूट, सगळं त्यात आहे. काहीही झाकलेलं नाही. तरी पानापानांत माया आहे, कुठे विष नाही. ही बाई आपल्या नगरला येऊन पुन्हा टिळकांसोबत राहिली, १९०० मध्ये स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला, आणि दोघांनी मिळून पुढचा संसार आणि सेवा केली. झालेलं सगळं सांगता यावं आणि सांगताना ओठ कडू होऊ नयेत, इतकं झालं की क्षमा पुरी झाली असं समज.

९. दुसऱ्याला क्षमेची घाई करू नको

सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागात गोरगरिबांसाठी काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ ला समंदरसिंग नावाच्या माणसाने त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली ती २००२ मध्ये. मध्ये सात वर्षं गेली. पुढे कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, आणि सुटून आल्यावर तो त्यांच्या घरी भावासारखा गेला.

म्हणून कुणाचं मूल गेलं असेल, कुणाची फसवणूक झाली असेल, तर चौथ्या दिवशी वचन उघडून त्याला क्षमेचा उपदेश करू नको. शेजारी बस, भाकरी कर, त्याला रडू दे. क्षमेचा शब्द त्याच्या तोंडून त्याच्या वेळेला निघेल. तुझं काम प्रार्थना करण्याचं.

१०. प्रभुभोजनाच्या आधीचा शनिवार राखून ठेव

वेदीशी दान आणलं आणि भावाचं मन आपल्याविषयी दुखावलेलं आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असं प्रभू सांगतो. नीट बघ: तिथे आपल्या रागाचा नाही, आपल्यामुळे दुखावलेल्याचा विचार आहे. आपल्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या शनिवारी, घर आवरून झालं की शांत बसून स्वतःला विचार: या महिन्यात माझ्यामुळे कुणाला लागलं? नाव आठवलं की तेव्हाच पाऊल उचल. लांब असेल तर फोनवर बोल, जवळ असेल तर जाऊन ये. "माझं चुकलं" एवढं पुरतं. पुढे "पण" जोडू नको.

हे सगळं एकदम जमणार नाही. जमायचीही गरज नाही. या शनिवारी एका माणसापासून सुरुवात कर. तुमच्या घरात लहानांना मोठ्यांची आणि मोठ्यांना लहानांची माफी मागताना मुलं बघतील, तर त्यांना क्षमा वेगळी शिकवावी लागणार नाही. प्रभू तुला आणि जावईबापूंना त्यासाठी बळ देवो.

तुझी,
आजी