दुधाळ तेलाचे मूळ

प्रश्न : आमच्या पर्यटक बोटीच्या स्टर्नड्राइव्हमधले गिअर ऑइल दुधासारखे झाले होते. बदलले, तरी आठवड्यात पुन्हा तसेच. तेल हलक्या प्रतीचे असेल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : तेलाच्या प्रतीचा येथे संबंध दिसत नाही. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, तर पंखा फिरवणारी गिअरपेटी मागच्या फळीबाहेर पाण्यात असते. या पेटीत पाणी शिरून घुसळले गेले की तेल ताकासारखे पांढरट होते, त्यामुळे गळती न काढता कितीही उंची तेल भरले तरी हीच गत व्हायची. प्रथम पंखा काढून शाफ्टभोवती पाहावे, कारण तेथे गुंडाळलेला मासेमारीचा तंगूस सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, कापून टाकतो. ड्रेन-स्क्रूचा जुना वॉशर पुन्हा बसवलेला असल्यास दोष तेवढ्यावरच मिटू शकतो, आणि ते काम काही रुपयांचे. तेथेही काही न आढळल्यास तेल काढून पेटीत हवेचा हलका दाब द्यावा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे आणि शाफ्ट फिरवत बुडबुडे शोधावेत. दाब मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे नेऊ नये, अन्यथा चांगले सीलही उखडतात. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे.

बेलोज, म्हणजे फळी व ड्राइव्ह यांमधील घडीदार रबरी नळी, याच वेळी वाकवून तपासावी. घडीत चीर दिसल्यास बोट पाण्यात ठेवू नये, कारण तेथून शिरणारे पाणी थेट बोटीतच येऊ शकते.