टेबल बघायचं, बदलायचं नाही

सॅपवर काम करणाऱ्याला एसई१६एन सांगावं लागत नाही. टेबलचं नाव टाका, अट द्या, एफ८ दाबा, डेटा समोर. पण या साध्या स्क्रीनमागे बरंच काही दडलेलं आहे, आणि नव्या मुलांना त्यातलं नेमकं नको तेच आधी कळतं.

एका कारखान्याच्या सपोर्टवर असताना मार्चअखेरीला पाहिलेली गोष्ट. जुनी ईसीसी सिस्टिम होती. स्टॉक मोजणीत एका मटेरियलचा आकडा जुळेना. तिथल्या कोणीतरी कमांडच्या चौकटीत ‘&सॅप_एडिट’ टाकलं, एमएआरडी उघडलं आणि साठा हातानेच बदलला. स्टोअरचा रिपोर्ट लगेच जुळला. पण एमएआरडीत असतो तो गोदामनिहाय साठा. मूल्यांकनाचा साठा आणि त्याची रक्कम एमबीईडब्ल्यूमध्ये असते. तिथे काहीच हललं नाही. मटेरियल डॉक्युमेंट नाही, अकाउंट्सला एन्ट्री नाही. तोच फरक एमआय०७मधून पोस्ट केला असता, तर ७०१ किंवा ७०२ मूव्हमेंटने या सगळ्या नोंदी आपोआप झाल्या असत्या. पुढे क्लोजिंगला स्टोअर आणि अकाउंट्स जुळेनात, आणि चूक नेमकी कुठे आहे हे शोधण्यात सगळ्या टीमच्या रात्री गेल्या.

कोणाला कळणार, असं समजू नका. एसई१६एनमधून केलेल्या बदलाची नोंद एसई१६एन_सीडी_की आणि एसई१६एन_सीडी_डेटा या टेबलांत होते: कोणी, कधी, आधी काय होतं, नंतर काय झालं. ऑडिटर पहिल्यांदा तिथेच बघतात. पुढे सॅपने नोट १४२०२८१ काढून ही कमांड बंद केली, ते योग्यच झालं.

शिकायचंच असेल तर वाचण्याच्या सोयी शिका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमाल ओळींची चौकट. तिथे मुळात ५०० असतात. तुमच्या अटीत हजारो ओळी बसत असल्या, तरी स्क्रीनवर ५००च येतात आणि बेरीजही तेवढ्यांचीच होते. असा अर्धवट आकडा मी मीटिंगमध्ये मांडलेला पाहिला आहे. म्हणून आधी ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’ दाबून एकूण ओळी बघा, मगच मर्यादा वाढवा. बीएसईजीसारख्या अवाढव्य टेबलवर ती चौकट सरळ रिकामी करू नका, सगळ्यांची सिस्टिम मंदावते.

एक्सेलमधले शेकडो मटेरियल नंबर एकेक टाइप करत बसू नका. मल्टिपल सिलेक्शनमध्ये क्लिपबोर्डवरून एकदम घेता येतात. हवेत तेवढेच कॉलम ठेवा आणि रोजच्या अटी व्हेरियंट म्हणून सेव्ह करा.

कमांड गेली, तरी डीबगरमध्ये व्हॅल्यू बदलून तेच साधण्याची युक्ती अजून कानोकानी फिरते. प्रॉडक्शनमध्ये तुमच्या युजरला तो अधिकार असेल, तर आजच बेसिसला सांगून काढून घ्या.