आठशे पानांचा ठोकळा

बारावीचा निकाल लागला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पालकांची ठरलेली मागणी सुरू होते : "मुलगा कॉम्प्युटरला जातोय, एआयचं चांगलं पुस्तक दाखवा." मुलाने अजून एक ओळही कोड लिहिलेला नसतो. तरी मशीन लर्निंगचा आठशे पानी ठोकळा पिशवीत पडतोच.

हे पैसे वाया जातात. असली पुस्तकं व्हेरिएबल, लूप, फंक्शन येतं असं धरूनच सुरू होतात. सीनियर मंडळी हमखास सुचवतात ते कर्निगन आणि रिची यांचं १९७८ चं सी भाषेवरचं पुस्तकही नवशिक्यासाठी नाही; लेखकांनी प्रस्तावनेतच तसं सांगितलंय. पण प्रस्तावना वाचतो कोण! कॉलेजात सी असेल तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घ्यावं, तेही नव्या आवृत्तीतलं.

भाषा निवडायची मोकळीक असेल तर पायथॉन आणि ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथॉन'. याची जन्मकथा पालकांनी मुद्दाम ऐकावी. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या या प्राध्यापकाच्या जावाच्या वर्गात फार विद्यार्थी नापास होत होते. त्याने मुलांना ढ ठरवलं नाही. पाठ्यपुस्तकं फार जाड आहेत, हे ओळखलं. मग छोट्या छोट्या प्रकरणांचं पुस्तक स्वतः लिहिलं आणि कुणीही वापरावं, बदलावं म्हणून मोकळं सोडलं. व्हर्जिनियातल्या जेफ एल्कनर या शाळाशिक्षकाने ते पायथॉनमध्ये आणलं. 'थिंक पायथॉन' त्यातूनच वाढलं. २०२४ ची तिसरी आवृत्ती इंटरनेटवर चक्क फुकट वाचता येते. (फुकट म्हटल्यावर पालकांचा विश्वास उडतो, ती गोष्ट वेगळी.)

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकच खूण तपासावी. 'प्रिंट'नंतर कंस नसेल तर ते पायथॉन दोनचं पुस्तक. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यातली उदाहरणं आजच्या संगणकावर पहिल्याच पानापासून एरर देतात आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

याहून जास्त नुकसान घरातला एक प्रश्न करतो : "किती पानं झाली?" पानं मोजणारं घर मुलाला प्रोग्राम पाठ करायला लावतं. तोंडी परीक्षेत एक अट बदलली की अशा मुलाची बोबडी वळते. एका दिवसात दोनच पानं झाली, पण त्यातली उदाहरणं मोडून, बदलून, पुन्हा चालवून पाहिली, तर तो अभ्यासच आहे. शेजारच्या मुलीने कुठला एआय कोर्स लावला, याची चौकशी पालकांनी या वर्षापुरती तरी बंद ठेवावी.