बर्फाखालील मासेमारीचा भाला : तोल आणि फेक

प्रश्न : गोठलेल्या तलावात मासे टिपण्याच्या भाल्याचा तोल कसा असावा आणि तो कसा फेकावा?

उत्तर : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्फाला भोक पाडून त्यावर उभारलेल्या अंधाऱ्या खोपटातून पाइक मासा टिपला जातो, तेथील भाल्याचे बहुतांश वजन दात्यांच्या टोकाकडे असते, कारण गुरुत्वमध्य पुढे असला की भाला न डगमगता सरळ खाली जातो. मासा बिचकू नये म्हणून दाते आधीच अलगद पाण्यात धरावेत आणि तो बरोबर खाली आल्यावर, डोक्यामागे नेम धरून, भाला न भिरकावता सरळ सोडावा. तिरक्या नजरेला वक्रीभवनामुळे, म्हणजे पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वळल्यामुळे, मासा खऱ्या जागेपेक्षा वर भासतो; म्हणूनच उभा वेध अधिक अचूक ठरतो.