पी. के. बॅनर्जी : मैदानावरील शिक्षक

भारतीय फुटबॉलमध्ये ‘पी. के.’ या दोन अक्षरांनी ओळखले जाणारे प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील जलपायगुडी भागात झाला. त्यांचे कुटुंब पुढे जमशेदपूरला आले आणि याच पोलादनगरीत त्यांचा खेळ आकारास आला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी संतोष करंडक स्पर्धेत बिहारचे प्रतिनिधित्व केले. १९५४ साली ते कलकत्त्यास गेले, पण तेथील बड्या क्लबांच्या मोहात न पडता पूर्व रेल्वेची नोकरी आणि रेल्वेचाच संघ त्यांनी पत्करला. हा निर्णय त्यांनी अखेरपर्यंत पाळला. मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहामेडन स्पोर्टिंग या तीन मातब्बर संघांना मागे टाकून पूर्व रेल्वेने १९५८ साली कलकत्ता लीग जिंकली. या तिघांबाहेरील संघाला तो मान पुन्हा मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले, यावरून त्या यशाचे मोल कळून येते.

उजव्या बगलेवरून वेगाने मुसंडी मारणारा आघाडीचा खेळाडू म्हणून त्यांची ख्याती झाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथा क्रमांक मिळविला; मुंबईचे नेव्हिल डिसोझा हे त्या संघातील त्यांचे सहकारी. १९६० साली रोम येथे पी. के. भारताचे कर्णधार होते आणि फ्रान्सशी १–१ अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात भारताचा गोल त्यांचाच होता.

या साऱ्या काळात संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते, आणि प्राथमिक फेरीत दक्षिण कोरियाने भारताला हरविलेही होते. डोक्याला दुखापत झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस रहीमसाहेबांनी आघाडीस खेळविले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध पी. के. आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला व भारताने २–१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले. हाताशी असलेल्या माणसांतून संघ कसा उभा करावा, याचा याहून चांगला वस्तुपाठ पी. के. यांना क्वचितच मिळाला असता.

१९६७ साली त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली. नाव मोठे होते. त्या बळावर प्रशिक्षकपद सहज मिळाले असते. तरी १९६९ साली ते जपानमध्ये जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले. खेळता येणे वेगळे आणि खेळ शिकविता येणे वेगळे, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघाने कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेतील पुरुषांच्या फुटबॉलमधील ते भारताचे अद्याप शेवटचे पदक आहे.

ज्या बड्या क्लबांकडून ते कधी खेळले नाहीत, तेच आता त्यांच्या हाती आले. ईस्ट बंगालने १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५–० अशी मात केली. वर्ष उलटते न उलटते तो ते मोहन बागानकडे गेले आणि १९७७ साली त्या संघाने शील्ड, ड्युरँड चषक व मुंबईचा रोव्हर्स चषक एकाच हंगामात जिंकले. सामन्यापूर्वी खेळाडूंना चेतविणारे त्यांचे भाषण ‘व्होकल टॉनिक’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्याची चर्चा काहीशी अवास्तवच झाली. नुसत्या भाषणाने पाच गोल होत नाहीत. त्यामागे सकाळच्या सरावाचे कष्ट असतात, आणि ते वृत्तपत्रांत येत नाहीत.

या टॉनिकची मर्यादाही दिसून आली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांचा संघ उपान्त्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून अखेरच्या क्षणी ०–१ असा हरला. विशीतल्या खेळाडूच्या अंगवळणी पडलेले दोष काही आठवड्यांच्या शिबिरात जात नाहीत. चेंडू थांबविणे, दोन्ही पायांनी मारणे, मोकळ्या जागी धावणे हे कुमारवयातच शिकावे लागते. १९८७ साली जमशेदपूरला स्थापन झालेल्या टाटा फुटबॉल अकादमीत मुलांना निवास, शालेय शिक्षण आणि फुटबॉल एकत्र मिळण्याची सोय होती. १९९० नंतर पी. के. तिचे तांत्रिक संचालक झाले. ज्या गावात ते स्वतः चेंडू खेळायला शिकले, तेथेच ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवू लागले.

१९६१ साली अर्जुन पुरस्कार मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू. १९९० साली त्यांना पद्मश्री व २००४ साली फिफाचा शताब्दी सन्मान लाभला. २० मार्च २०२० रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.